मुलांना एकदा ‘आ’ करायला सांगा : सांगली जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि प्राचार्य,

सप्रेम नमस्कार.

मी दंतवैद्य आहे. सांगलीत गेली 22 वर्षं माझा दवाखाना आहे. शहरातली मुलं येतात, तशी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडूनही एसटीनं येतात. एका दाखल्यामुळं हे पत्र लिहायला घेतलं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं नुकती सुरू झाली होती. संध्याकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा बारावीला. दोघांचेही चेहरे उतरलेले. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि तिच्यात मुलाचा कॉलेज सोडल्याचा दाखला, त्याच दुपारी मिळालेला. मुलाच्या खिशात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला होता. वडील म्हणाले, “मॅडम, गार पाणी लागतं म्हणून हा महिनाभर मागं लागलाय. माझंच राहून गेलं. आज म्हटलं, कॉलेज तर गेलंच, निदान दात तरी दाखवूया.”

मी त्याला खुर्चीत बसवून वरचा ओठ उचलला. पुढच्या चारही दातांवर, हिरडीच्या कडेकडेनं, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. दोन दातांवर ती तपकिरी झाली होती आणि तिथं उपकरणाचं टोक अडकत होतं. मग गालाला आरसा लावला तर तो चिकटला. एरवी आमचा तो छोटा आरसा गालावरून, जिभेवरून सहज सरकतो, कारण मध्ये लाळेचा थर असतो. या मुलाच्या तोंडात तो सोडवून घ्यावा लागत होता. असं कोरडं तोंड मी साठी ओलांडलेल्या, रोज पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या आजोबांचं बघते. हा 17 वर्षांचा होता.

त्याच्या दप्तराची झडती झाली होती, खिशाची झाली होती, वडिलांना बोलावून सही घेतली गेली होती. तोंडात मात्र कुणी डोकावलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की खिसे तपासता तसं तोंडही तपासा. आणि तोंड तपासायचं असेल, तर मुलाला शाळेतून काढून चालणार नाही.

वेपबद्दल आधी बोलते, कारण त्याबाबत पालक आणि शिक्षक दोघंही अंधारात आहेत. “ती नुसती वाफच असते ना?” हे मला एका विज्ञानाच्या शिक्षकांनी विचारलं होतं. पाण्याची वाफ ती नव्हे. वेपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण असतं, त्यात बहुतेक वेळा निकोटीन आणि वर आंब्याचा, पुदिन्याचा, बबलगमचा स्वाद. बॅटरीवर ते तापतं आणि त्याचे बारीक थेंब तोंडात जातात. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं तोंड सुकतं. ग्लिसरीन चिकट असतं, ते दातांवर बसतं आणि जंतूंना तिथं टिकायला सोपं जातं. तोंड सुकलं की मुलगा कोल्ड्रिंक पितो. म्हणजे आधी लाळ काढून घेतली आणि वरून आम्ल व साखर ओतली.

लाळेचं काम काय, हे तुमच्या विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं आहे. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण तोंडातला सामू (pH; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की तेही विरघळायला लागतं. काहीही गोड खाल्लं की सामू खाली येतो आणि लाळ त्याला पुन्हा वर आणते. नुसती वर आणत नाही, आपल्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट देऊन झालेली झीज भरूनही काढते. ही दुरुस्ती दिवसभर चाललेली असते, आपल्याला कळतही नाही. लाळच आटली तर दुरुस्ती बंद. त्या मुलाच्या दातांवरची पांढरी रेघ म्हणजे बंद पडलेली दुरुस्ती होती. रेघ पांढरी असेपर्यंत ती परतवता येते. तपकिरी होऊन खड्डा पडला की मग भरावं लागतं.

भारतात वेपचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात 2019 च्या कायद्यानं बंद आहे. पहिल्यांदा विकताना सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही तो मिळतो. पेनसारखा, हायलायटरसारखा, पेन-ड्राइव्हसारखा दिसतो. धुराचा वास येत नाही, चॉकलेटसारखा वास येतो. त्या मुलाच्या आईला वर्षभर वाटत होतं की पोरगा सारखी च्युइंगम खातो. वेपनं तोंडाचा कॅन्सर होतो का, असं पालक विचारतात. या उपकरणांना बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षं झाली आहेत आणि तोंडाचा कॅन्सर व्हायला कित्येकदा त्याहून जास्त काळ जातो. त्यामुळं “अजून काही सिद्ध झालेलं नाही” या वाक्यावर कुणी निर्धास्त होऊ नये. कोरडं तोंड, सुजलेल्या हिरड्या आणि कीड एवढं तर आत्ताच दिसतं आहे.

सिगारेट आणि विडीची गोष्ट वेगळी. तिथं वास लपत नाही, पण आजार लपतो. हे जरा सविस्तर सांगते, कारण चांगली शिकलेली माणसंही यात फसतात.

कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आला होता, वय 27. “उजवीकडची दाढ हलल्यासारखी वाटतेय” एवढीच तक्रार. हिरड्या बघितल्या तर सूज नाही, लाली नाही. उलट फिकट, घट्ट, वरवर बघणाऱ्याला निरोगीच वाटाव्यात अशा. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत आम्ही एक बारीक मोजपट्टी घालतो. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटर आत जाते. याच्या दाढेपाशी ती आठ मिलिमीटर गेली, शेजारी सात. एक्स-रे काढला. दाढांच्या मुळांभोवतीचं हाड निम्म्यावर आलं होतं. तो म्हणाला, “पण मॅडम, ब्रश करताना रक्त तर कधीच आलं नाही.”

रक्त न येणं हाच तर घोटाळा. हिरडीला रोग झाला की ती सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. निकोटीननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी पोचतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी पोचतात, जखम भरायला वेळ लागतो आणि रक्त येण्याची खूणच पुसली जाते. आत हाड झिजत राहतं, बाहेर सगळं शांत. ओढणाऱ्यांना हिरड्यांचा हा रोग होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटी-तिपटीनं जास्त असतो, आणि उपचारालाही त्यांच्या हिरड्या कमी दाद देतात.

याचीच दुसरी बाजू अशी की सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त यायला लागतं. मग लोक म्हणतात, “सोडली आणि त्रास सुरू झाला.” तीन जणांनी तरी मला याच कारणासाठी पुन्हा ओढायला सुरुवात केल्याचं सांगितलं आहे. अहो, ते रक्त म्हणजे हिरडी पुन्हा जिवंत झाल्याची खूण आहे. त्या वेळी दातांवरचं कीटण काढून घेतलं की महिन्या-दोन महिन्यांत ते थांबतं. हे सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायला हवं.

त्या तरुणाला मी विचारलं, कधीपासून? “दहावीत. शाळेच्या मागच्या भिंतीला.” अकरा वर्षांत त्याच्याकडं कुणी बघितलं असतं तर चार दाढा वाचल्या असत्या. आता दोन काढल्या आहेत. काढल्यावरही त्यानं दुसऱ्याच दिवशी झुरका मारला, जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली, हाड उघडं पडलं आणि कानापर्यंत ठणका घेऊन तो रात्री साडेदहाला दारात उभा होता. दाढ काढल्यावर ओढू नका असं आम्ही घसा फोडून सांगतो ते यासाठी.

आता गांजा. यावर बोलायला आपल्याकडं सगळेच कचरतात. चार भिंतींत कुजबुजतात, पालकसभेत कुणी नाव काढत नाही. मुलं मात्र आपापसांत त्याला ‘माल’ म्हणतात आणि सगळ्यांना अर्थ कळतो. “तो झाडपाला आहे, सिगारेटसारखा नाही” असं मला होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलानं समजावून सांगितलं. कोणतंही पान जाळलं की डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गांजा ओढणारा धूर खोल घेतो, छातीत धरून ठेवतो, आणि त्या कागदाच्या सुरळीला फिल्टर नसतो. शिवाय आपल्याकडं सुरळी असो की चिलीम, त्यात बहुतेकदा तंबाखू मिसळलेली असते. म्हणजे गांजाच्या नावाखाली निकोटीनही आलंच.

गांजातला नशा आणणारा घटक लाळग्रंथींवरच काम करतो. लाळ कमी होते, तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटतं. मग मध्यरात्री भूक लागते, आणि ती भूक भाजी-भाकरीची नसते. बिस्किटं, चॉकलेट, कोल्ड्रिंक. खाऊन तसंच झोपायचं. दातांच्या सपाट बाजूंवर, जिथं सहसा कीड लागत नाही तिथं, अशा मुलांना कीड दिसते. हिरड्यांचं तर मोजून झालेलं आहे. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या प्रकृतीची नोंद जन्मापासून ठेवली जाते आहे. ती 32 वर्षांची झाली तेव्हाच्या, 900 हून अधिक जणांच्या तपासणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखूचा परिणाम वेगळा काढल्यावरही, नियमित गांजा ओढणाऱ्यांत दाताला धरून ठेवणारा आधार सुटण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त निघालं. बत्तिशीतली माणसं ती, म्हातारी नव्हेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती खुर्चीतच कळते. एका कॉलेजच्या मुलाची अक्कलदाढ काढायची होती. नेहमीप्रमाणं विचारलं, काही नशा करतोस का, काही घेतलं आहेस का? शेजारी वडील बसलेले. “नाही मॅडम.” सुन्न करायच्या इंजेक्शनात थोडं अॅड्रेनलीन असतं. इंजेक्शन दिलं आणि त्याची नाडी बघता बघता 130 वर गेली. हात थरथरायला लागले, घाम फुटला. मी खुर्ची आडवी केली, हात धरून बसले. वडील घाबरून पाणी आणायला बाहेर गेले, तेवढ्यात तो कुजबुजला, “मॅडम, सकाळी ओढलीय.” गांजानं नाडी आधीच वाढलेली असते, त्यावर अॅड्रेनलीन पडलं की असं होतं. सुदैवानं तो निभावला. त्या दिवसापासून हा प्रश्न विचारताना मी आई-वडिलांना बाहेर बसवते. बाहेर बसवल्यावर मिळणारी उत्तरं पार वेगळी असतात.

आपल्या जिल्ह्यात धूर एकटा येत नाही, हेही सांगायला हवं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तोंडात धरणारे, चघळणारे 24.4 टक्के. सांगली-कोल्हापूर-निपाणीच्या या पट्ट्यात ते वेगळं सांगायची गरज नाही. टपरीवर प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घालून मावा घासताना आपण रोज बघतो. वेप ओढणारा मुलगा वर्गात मावा धरतो, कारण वर्गात वेप काढता येत नाही. घरात आई, आजी सकाळी मिश्रीनं दात घासत असतील तर मुलींच्याही बोटाला ती लागते. तंबाखू गालाला आणि ओठाला, सुपारी सगळ्या तोंडाला, धूर टाळूला आणि हिरडीला, असं एकाच तोंडात तिघं काम करतात. सुपारी ही एकटीसुद्धा, तंबाखू नसतानाही, कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्येच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकलं आहे. सुगंधी सुपारीची पुडी लहान मुलाच्या हातात देताना आपल्याकडं कुणाला काही वाटत नाही, हे बघून पोटात कालवतं.

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मला नववी-दहावीच्या मुलांची तोंडं बघू दिली. मी सोपी चाचणी घेते. तोंड पूर्ण उघडायचं आणि स्वतःची मधली तीन बोटं, एकाखाली एक अशी उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. निरोगी मुलाची तिन्ही बोटं बसतात. सुपारी खाणाऱ्याच्या गालाखाली तंतू वाढत जातात, गाल ताठ होतो आणि तोंड हळूहळू मिटत जातं. मग दोनच बोटं बसतात, पुढं एकच.

वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन दारात उभे होते. मुलं हसत, ढकलाढकली करत येत होती. एक मुलगा आला, त्यानं चटकन तीन बोटं घातली आणि निघाला. मला काहीतरी खटकलं. त्यानं बोटांची नुसती टोकं आत घातली होती, टोकाशी बोट बारीक असतं. मी सरांना म्हटलं, “जरा पाण्याचा जग आणता का?” ते गेल्यावर मुलाला पुन्हा घालायला सांगितलं, पहिल्या पेरापर्यंत. दोनच बसली. गालात बोट फिरवलं तर आत सुतळी ताणून बांधल्यासारख्या दोऱ्या हाताला लागल्या. गालाचा रंग गुलाबी नव्हता, संगमरवरासारखा पांढुरका. विचारलं, “जेवायला काय आणतोस?” म्हणाला, “दहीभात.” चटणी? “तिखट झोंबतं. आईला सांगितलंय, पित्त आहे.” सहावीपासून मावा खात होता.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कांदा-लसणीच्या चटणीशिवाय ज्या घरात घास उतरत नाही, त्या घरातलं पोर अचानक चटणी बाजूला सारतं, आमटीत दूध-दही घालून मागतं, तेव्हा तोंडाची आग हे पहिलं लक्षण असू शकतं. तोंड मिटायला लागण्याच्या आधी ते येतं. आईला ते पित्त वाटतं. डबा उघडताना शेजारी बसणाऱ्या शिक्षकांना मात्र कदाचित आधी कळेल. हा ताठपणा पूर्वीसारखा मऊ होत नाही, पण सुपारी बंद केली तर तो तिथंच थांबवता येतो, व्यायामानं आणि उपचारानं तोंड थोडं उघडतं. नाही थांबवलं तर पुढं त्याच गालात कॅन्सर होऊ शकतो. पंधराव्या वर्षी बघितलं आणि तिसाव्या वर्षी बघितलं, यात एवढा फरक आहे.

म्हणून माझ्या विनंत्या. वर्षातून दोनदा, सहावीपासून बारावीपर्यंत, प्रत्येक मुलामुलीची तीन बोटांची चाचणी घ्या. सहावीपासून म्हणते ती उगाच नाही. 2019 च्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू घेत होते, आणि बिनधुराची तंबाखू घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ती वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत चाखली होती. चाचणीला डॉक्टर लागत नाही, पैसे लागत नाहीत, वर्गशिक्षक घेऊ शकतात. ज्याची बोटं बसणार नाहीत, ज्याच्या गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, त्याला दंतवैद्याकडं धाडा. सांगलीत दंत महाविद्यालय आहे, मिरजेत शासकीय रुग्णालय आहे, पाठवायला जागा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातांची कीड बघतं. त्यांना सांगा, दोन मिनिटं गालही बघा, जीभही बघा.

शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं मनाई आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ती पिवळी रेघ तुमच्यातल्या अनेकांनी रस्त्यावर मारूनही घेतली आहे. त्या कायद्यातला दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, त्याला कोण घाबरणार हेही खरं. पण अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार करताना त्या कलमाचं, 77 क्रमांकाचं, नाव घ्या. आणि शाळेच्या आवारात कुणी ओढत असेल तर दंड करण्याचा अधिकार 2008 च्या नियमांनी खुद्द तुम्हाला दिलेला आहे. हे लिहिताना स्टाफरूमचाही विषय काढावा लागतो. मनाला लावून घेऊ नका, पण माझ्याकडं येणाऱ्या शिक्षकांपैकी काहींच्या गालात मी मावा बघितला आहे. त्यांचीही तोंडं बघायला मी तयार आहे, कुणाला न सांगता.

सगळ्यात महत्त्वाची विनंती दाखल्याची. वेप, सिगारेट किंवा गांजा सापडला म्हणून मुलाला काढून टाकू नका. शिस्तीचा प्रश्न असतो, बाकीच्या पालकांचा दबाव असतो, हे मी समजू शकते. मी तुमच्या जागी नाही. पण काढून टाकलेला मुलगा दिवसभर टपरीवर असतो, आणि राहिलेली मुलं त्यातून एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे तोंड मिटून ठेवायची. मग ती डॉक्टरलाही खरं सांगत नाहीत, इंजेक्शन घेतानाही सांगत नाहीत. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंसुद्धा, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यातून सूट ठेवली आहे, 64-अ कलमात. आपल्या शाळांचे नियम त्या कायद्याहून कडक कशाला? जो पुरवतो, विकतो, त्याची गोष्ट निराळी, त्याच्यासाठी पोलीस आहेत. ओढणाऱ्याला आधी दवाखान्यात पाठवा. आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायला बसवा. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे, नशामुक्तीसाठी 14446 आहे, मन फारच बिघडलं असेल तर टेलिमानसचा 14416. हे तिन्ही आकडे स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथं मुलाला एकट्याला वाचता येतील. कार्यालयाबाहेरच्या फलकापाशी कुणी थांबत नाही.

दाखल्याची फाइल घेऊन आलेला तो मुलगा अजून माझ्याकडं येतो. दोन दात भरले, बाकीच्यांवर फ्लोराइडचा लेप दिला, वेप सुटून तीन महिने झाले. गेल्या वेळी आरसा त्याच्या गालावरून सरकला. कॉलेज मात्र अजून मिळालेलं नाही, बारावीचा फॉर्म त्याला बाहेरून भरावा लागणार आहे. वडील प्रत्येक वेळी विचारतात, “मॅडम, तुमच्या ओळखीनं कुठं काही होईल का?” माझ्याकडं त्यांना द्यायला उत्तर नसतं. ते तुमच्यापैकी कुणाकडं तरी आहे.

दर बुधवारी दुपारी दोननंतर माझा दवाखाना बंद असतो. ज्या शाळेला, कॉलेजला हवं असेल तिथं मी येईन, मोबदला नको. बॅटरी, आरसे, हातमोजे मी आणीन, माझ्या दोन विद्यार्थिनीही सोबत येतील. शाळेनं खिडकीजवळची उजेडाची एक खोली द्यावी, आणि मुलं एकेक करून आत पाठवावीत. दारात हजेरीपट घेऊन कुणाला उभं करू नये.

आपली,
सांगलीतली एक दंतवैद्य